व्हिक्टोरियाकालीन ब्रिटिश स्वयंसेवक सैनिकांचे गणवेश व शिरोचिन्हे

ब्रिटनमध्ये इ.स. १८५९ ते १९०८ या काळात अस्तित्वात असलेल्या स्वयंसेवक दलातील सैनिकांचे गणवेश व टोपीवरील धातूची चिन्हे यांवरून जुन्या छायाचित्रांतील आणि संग्रहालयांतील वस्तूंची ओळख पटवली जाते.

पार्श्वभूमी

फ्रान्सच्या संभाव्य आक्रमणाच्या भीतीमुळे १२ मे १८५९ रोजी ब्रिटिश युद्ध खात्याने परगण्यांना स्वयंसेवक तुकड्या उभारण्यास परवानगी दिली. गणवेश व शस्त्रांचा खर्च सुरुवातीस सदस्यांनीच करावयाचा असल्याने गणवेशाची निवडही बहुतांशी तुकडीकडेच राहिली. परिणामी गणवेशांत मोठी विविधता आली.

गणवेशाचे रंग

रायफल तुकड्यांत राखाडी व गडद हिरवा हे रंग प्रचलित होते. लंडन स्कॉटिश तुकडीचा 'हॉडन' राखाडी रंग विशेष प्रसिद्ध आहे. तोफखान्याच्या स्वयंसेवकांचा गणवेश निळा, तर अभियंत्यांचा लाल असे. इ.स. १८८१ च्या सुधारणांनंतर रायफल तुकड्या परगण्याच्या नियमित रेजिमेंटशी जोडल्या गेल्या आणि अनेकांनी लाल गणवेश स्वीकारला.

शिरोचिन्हे

नियमित सैन्याची चिन्हे प्रामुख्याने पितळी किंवा सोनेरी, तर स्वयंसेवकांची बहुधा पांढऱ्या धातूची किंवा चंदेरी असत. रायफल तुकड्यांच्या चिन्हांत बिगूल व माल्टीज क्रूस वारंवार आढळतात. आर्टिस्ट्स रायफल्सच्या चिन्हावर मार्स व मिनर्व्हा या रोमन देवता होत्या. नियमित तोफखान्याच्या चिन्हावरील 'उबिक्वे' (सर्वत्र) या ब्रीदाच्या जागी स्वयंसेवकांच्या चिन्हावर पानांची डहाळी असे. अनेक चिन्हांवर परगण्याचे नाव व तुकडीचा क्रमांक कोरलेला असतो.

कालनिश्चिती

शाको टोपीवरील चिन्ह सामान्यतः आधीच्या काळातील असते. नियमित पायदळात इ.स. १८७८ मध्ये कापडी आवरणाचे टोकदार शिरस्त्राण आले व पुढे स्वयंसेवकांनीही ते वापरले. राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी खोलगट दिसतात; इ.स. १९०१ नंतरच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोलाकार आहेत.

छायाचित्रांची मर्यादा

तत्कालीन छायाचित्रणाच्या काचा निळ्या प्रकाशाला अधिक व लाल प्रकाशाला अत्यल्प प्रतिसाद देत. त्यामुळे लाल कोट जवळजवळ काळा, तर निळा कोट प्रत्यक्षापेक्षा फिकट दिसू शकतो. केवळ छटेवरून तुकडी ठरवल्यास चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून चिन्हाचा आकार, मुकुट व क्रमांक हे अधिक विश्वसनीय पुरावे ठरतात.

इ.स. १९०८ मध्ये हे दल प्रादेशिक दलात विलीन झाले.