खोल समुद्रातल्या वाळूचे कोडे

एकोणिसाव्या शतकातील भूशास्त्रज्ञ स्तरित खडक, म्हणजे गाळ साचून व दाबला जाऊन बनलेला खडक, एका सोप्या नियमाने वाचत असत. भरड वाळू हलवायला नदीची धार किंवा लाटांचा मारा लागतो, म्हणून ती किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात साचते. खोल समुद्राचे पाणी मात्र निश्चल असते, म्हणून तेथे वरून सावकाश खाली बसणारा बारीक चिखल आणि सूक्ष्म जीवांची कवचे यांखेरीज काही साचत नाही, असे ते मानत. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने महासागरांच्या तळावरून लालसर माती आणि कवचांचा मऊ चिखल वर काढला, तेव्हा या नियमाला जणू प्रत्यक्ष पुरावाच मिळाला. वालुकाश्म दिसला की तेथे कधीकाळी उथळ समुद्र होता, ही समजूत त्यानंतर इतकी रूढ झाली की तिची पुन्हा तपासणी करावी असे फारसे कोणाला वाटले नाही.

तरीही एक खडक या नियमात नीट बसत नव्हता. स्वित्झर्लंडमधील झिमेनटाल खोऱ्यातला ‘फ्लिश’ हा स्थानिक शब्द बर्नहार्ड श्टुडर यांनी १८२७ साली शास्त्रात आणला आणि पुढे आल्प्सच्या परिसरातील अशा सर्वच खडकांना तो लागू झाला. फ्लिशमध्ये वालुकाश्माचा एक थर, त्यावर शेल म्हणजे चिखलाचा पापुद्र्यासारखा सुटणारा खडक, पुन्हा वालुकाश्म, पुन्हा शेल, अशी चळत हजारो मीटर जाडीपर्यंत चालू राहते. त्यातला एकच थर जवळून पाहिला, तर त्याचा तळ सुरीने कापल्यासारखा स्पष्ट असतो. तळालगत भरड कण, त्यावर मध्यम, मग बारीक, असे होत होत वाळू नकळत चिखलात मिसळून जाते. हा दगड उलटा केला की त्याच्या तळाच्या अंगाला चमच्याच्या पाठीसारखे लांबट उंचवटे दिसतात. खालच्या मऊ चिखलात प्रवाहाने कोरलेल्या खळग्यांत वाळू भरून ते तयार झालेले असतात, आणि त्यांचे फुगीर टोक प्रवाह आला त्या दिशेकडे असते. अशा हजारो थरांचा अर्थ जुन्या नियमाने लावायचा, तर समुद्राचा तळ हजारो वेळा वर आला आणि खाली गेला असे मानावे लागे, आणि अनेक जाणत्या अभ्यासकांनी ते मानलेही.

ही ओढाताण सर्वांत उघडपणे दिसली ती कॅलिफोर्नियातील व्हेंचुरा द्रोणीत. द्रोणी म्हणजे भूकवचाचा सावकाश खचत जाणारा आणि गाळाने भरत जाणारा खोलगट भाग. तेथे खनिज तेलाचा शोध चालू असताना मॅन्ली नॅटलँड यांनी शेलमधील फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची कवचे त्याच किनाऱ्याबाहेर आज जगणाऱ्या जातींशी ताडून पाहिली, तेव्हा ती खोल, थंड पाण्यातली निघाली. म्हणजे शेल खोल समुद्राची साक्ष देत होता, आणि त्याला चिकटून असलेला वालुकाश्म जुन्या नियमानुसार उथळ समुद्राची.

उत्तराचे धागे वेगवेगळ्या हातांत विखुरलेले होते. फ्रांस्वा-आल्फाँस फोरेल यांनी १८८० च्या दशकातच असे दाखवले होते की ऱ्होन नदीचे थंड, गाळाने जड झालेले पाणी जिनिव्हा सरोवरात शिरताच तळाशी बुडी मारते आणि तळ कोरत पुढे जाते. खंडान्त उतारावरच्या, म्हणजे भूखंडाच्या बुडालेल्या कडेपासून खोल तळाकडे जाणाऱ्या उतारावरच्या, प्रचंड घळया अशाच गढूळ प्रवाहांनी खोदल्या असाव्यात, असा तर्क रेजिनाल्ड डेली यांनी १९३६ मध्ये मांडला. तो तपासण्यासाठी फिलिप क्यूनेन या डच शास्त्रज्ञाने पाण्याने भरलेल्या टाकीत चिखलपाणी सोडले, तेव्हा ते वरच्या स्वच्छ पाण्यात न मिसळता तळाला धरून उतारावर धावले. इकडे इटलीत कार्लो मिलिओरीनी ॲपेनाइन पर्वतातील वालुकाश्मांवरून त्याच निष्कर्षापाशी येत होते; फ्लॉरेन्सच्या कित्येक जुन्या वास्तूंतील करडा दगड याच जातीचा आहे. क्यूनेन आणि मिलिओरीनी यांनी १९५० साली मिळून लिहिलेल्या निबंधात असे दाखवले की खाली भरड आणि वर बारीक अशी रचना असलेला थर हा एकाच गढूळ प्रवाहाने, वेग ओसरत असताना, टाकलेला गाळ आहे. एक डोंगर चढणारा आणि एक टाकीपाशी बसणारा, अशा दोघांनी आपापले पुरावे एकमेकांपुढे ठेवले नसते, तर हे कोडे आणखी किती काळ रेंगाळले असते कोण जाणे.

प्रत्यक्ष समुद्रातली साक्ष मात्र त्याआधी वीस वर्षांपासून तार कंपन्यांच्या नोंदींत पडून होती. १८ नोव्हेंबर १९२९ रोजी न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेस ग्रँड बँक्स या उथळ भागाच्या कडेला ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यामागोमाग आलेल्या त्सुनामीत २८ माणसे दगावली आणि अटलांटिकच्या तळावरील १२ संदेशवाहक तारा तुटल्या. भूकंपाच्या केंद्राजवळच्या तारा धक्क्याबरोबरच तुटल्या होत्या. पण उताराखालच्या तारा एकीमागून एक, खोलीच्या क्रमाने तुटत गेल्या आणि शेवटची तार तुटली ती भूकंपानंतर १३ तास १७ मिनिटांनी, शेकडो किलोमीटर दूर. तार तुटली की संदेश थांबे आणि ती वेळ यंत्रावर मिनिटासह नोंदली जाई, त्यामुळे खोल समुद्रातील एका घटनेचे इतके काटेकोर वेळापत्रक आपोआप तयार झाले होते, पण ते कोणी त्या दृष्टीने वाचले नव्हते. ब्रूस हीझेन आणि मॉरिस यूइंग यांनी १९५२ मध्ये ते वाचले, आणि उतारावरून कोसळलेला गाळ पाण्यात मिसळून सुरुवातीला ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने धावला असा हिशोब मांडला. हा आकडा पुढे बराच खाली आणला गेला, मात्र मूळ निष्कर्ष टिकला; त्या परिसराच्या खोल सागरी मैदानातून काढलेल्या नमुन्यांत ताज्या गाळाचा थर सापडला, आणि तोही खाली भरड, वर बारीक असाच होता.

यानंतर गढूळ प्रवाहांच्या गाळाच्या अभ्यासाने झपाट्याने आकार घेतला. आर्नोल्ड बाउमा यांनी १९६२ मध्ये फ्रान्सच्या आग्नेयेकडील आल्प्समधल्या थरांवरून पाच उपथरांचा ठराविक क्रम सांगितला, तर एमिलियानो मुत्ती आणि फ्रांको रिक्की लुक्की यांनी १९७२ मध्ये उत्तर ॲपेनाइनमधील खडकांवरून, घळईच्या मुखापाशी पंख्यासारखा पसरणारा गाळ जुन्या खडकांत कसा ओळखावा, याची रीत घालून दिली. तेलाच्या कंपन्यांना या पंख्यांतले वालुकाश्म हवे होते, कारण वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत तेल व वायू साठतात.

अशा पंख्यांपैकी जगातील सर्वांत मोठा भारताच्या पूर्वेस आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांनी हिमालयातून आणलेला गाळ बंगालच्या उपसागरात सुमारे ३००० किलोमीटर पसरला आहे, आणि १९८७ मध्ये विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस केलेल्या वेधनातही त्याच पर्वतांतून आलेले कण हाती लागले. पश्चिमेस अरबी समुद्रात सिंधूचा पंखा आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्टने झाकलेला असल्याने असे खडक येथे सहज पाहायला मिळत नाहीत; ते पाहायचे तर किनारा सोडून शेकडो किलोमीटर समुद्रात जावे लागते. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय महासागर वेधन कार्यक्रमाच्या ३५५ व्या मोहिमेने अरबी समुद्रातील लक्ष्मी द्रोणीत, साडेतीन किलोमीटरहून अधिक खोल पाण्यात, दोन ठिकाणी वेधन केले. तिच्या दोन प्रमुखांपैकी धनंजय पांडे हे गोव्यातील राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्राचे होते, तर दुसरे पीटर क्लिफ्ट. सिंधूने आणलेल्या गाळाच्या खाली वेधनाला ‘नटराज’ नावाच्या महाकाय घसरणीचा ढिगारा लागला, जो सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम कडेवरून तुटून खाली आला होता, आणि त्या काळ्याभोर खोलीतून वर आलेल्या नळकांड्यांत उथळ, उन्हाने उजळलेल्या पाण्यात घडलेल्या चुनखडीचे तुकडे होते.