आधी रिकामं, मग बंद

मंडळी, आज जरा तांत्रिक लिहितोय. पण धुळे-जळगावच्या नातेवाईकांनी घाबरून जाऊ नये, शेवटी गाडी आपल्या खानदेशातच येणार आहे.

मोठ्या सर्व्हरमध्ये कधीकधी मेमरीचा एखादा भाग मशीन चालू असतानाच बंद करावा लागतो. तो भाग खराब होत आलेला असतो, किंवा ती मेमरी दुसरीकडे वापरायची असते. तेव्हा आधी त्यातला सगळा माल दुसरीकडे हलवायचा आणि मग तो भाग बंद करायचा. लिनक्समध्ये हा माल साधारण ४ केबीच्या तुकड्यांत असतो, त्यांना पेज म्हणतात. १२८ एमबीचा भाग म्हणजे ३२,७६८ पेजेस. त्यातलं एक जरी हललं नाही तरी अख्खा भाग बंद होत नाही!

पेज हलवायची सोय लिनक्समध्ये मार्च २००६ मध्ये (२.६.१६) आली. ती ख्रिस्तोफ लॅमीटर यांनी आणली, पण वेगळ्या कामासाठी: प्रोग्रॅमचा डेटा त्याच्या प्रोसेसरजवळ नेण्यासाठी. ऑक्टोबर २००७ मध्ये मेल गोरमन यांनी हलवता येणाऱ्या पेजेससाठी वेगळा विभाग केला. आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये फुजित्सूच्या कामेझावा हिरोयुकी यांच्या कामामुळे मेमरी खरोखर बंद करता येऊ लागली.

पण पेज हललंच नाही तर? काही अडथळे घटकाभराचे असतात. उदाहरणार्थ, डिस्कवर लिहिणं चालू असतं, ते संपलं की पेज मोकळं. काही मात्र पक्के असतात. एखाद्या नेटवर्क कार्डाला "याच पत्त्यावर लिही" असं सांगून ठेवलेलं असतं. ते पेज हलवलं तर कार्ड जुन्याच पत्त्यावर, म्हणजे दुसऱ्याच्या डेटावर लिहील. गंमत अशी की कर्नलला बाहेरून दोन्ही अडथळे सारखेच दिसतात. म्हणून सुरुवातीला नियम होता: पेज हलेना तर ५ वेळा प्रयत्न, एकूण मुदत १२० सेकंद, मग माघार.

हे आकडे अंदाजाचेच. कामाचा ताण असलेल्या मशीनवर ते कमी पडायचे. जानेवारी २०१८ च्या ४.१५ मध्ये मिखाल हॉको यांनी दोन्ही मर्यादा काढून टाकल्या. आता कर्नल प्रयत्न करत राहतो, थांबवायचं कधी ते माणसाने ठरवायचं. पुढे २०१९ च्या ५.० पासून कोणतं पेज अडलं हेही तो सांगू लागला.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती माघार. प्रयत्न सोडला की तो भाग पुन्हा वापरात येतो आणि न हललेलं पेज जिथल्या तिथे सुखरूप राहतं. गैरसोय होते ती भाग बंद करू पाहणाऱ्याची.

आता खानदेश. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं येत होती, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा होईपर्यंत हे तालुके धुळे जिल्ह्यातच होते. नर्मदा लवादाने १९७९ मध्येच सांगितलं होतं की आधी पुनर्वसन, मग बुडित. म्हणजे आधी रिकामं, मग बंद! तरी १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं तेव्हा तिथे माणसं होती. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पुनर्वसन होईल तसतशीच धरणाची उंची वाढवा असं म्हटलं. म्हणजे नियम पुन्हा तोच.

माणसांची बरोबरी पेजेसशी करायची नाहीये. पेजला शेत नसतं, देव नसतात, नदी नसते. पण हलवणं फसलं तर त्याची झळ कोणी सोसायची, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. कर्नलने ती बंद करणाऱ्यावर टाकली. मणिबेलीत ती हलवले जाणाऱ्यांवर पडली.

असो. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.