मुडीतलं बियाणं

फोंडा तालुक्यात दुर्भाट-बोरीच्या खाजनांत पिकलेल्या भाताचं निवडक बियाणं पूर्वी पेंढ्याच्या मुडीत करकचून बांधून ठेवत. मुडी सुटायची ती मिरगात, पेरणीलाच. तोवर घरात तांदळाची चणचण असली तरी बियाण्याला हात लावायचा नसे. जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ यांच्या शेवटच्या शिळाछापाचं नावही नेमकं हेच सांगतं: ‘बियाणं दळू नये’.

वाक्य मुळात ग्योथचं. कोलविट्झ यांच्याकडे ते पुत्रशोकाच्या वाटेनं आलं. १९१४ साली, पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा, त्यांचा धाकटा मुलगा पेटर अठरा वर्षांचा होता. लष्करात जायला वडिलांची परवानगी लागत होती आणि नवऱ्याचं मन वळवलं ते केटे यांनीच. ऑक्टोबरात पेटर बेल्जियममध्ये मारला गेला.

चार वर्षांनी जर्मनी हरत आली असताना कवी रिखार्ड डेमेल यांनी आणखी स्वयंसेवकांना रणात उतरण्याची हाक दिली. कोलविट्झ यांनी वर्तमानपत्रातून जाहीर विरोध केला आणि पत्राच्या अखेरीस ग्योथचं हे वाक्य ठेवलं.

त्याचं चित्र व्हायला मात्र पुढचं महायुद्ध यावं लागलं.

त्या चित्राचं माध्यम, शिळाछाप, मराठीच्या ओळखीचं आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. आलोइस सेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास शोधलेली ही रीत तेल-पाण्याच्या वैरावर चालते. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनं चित्र काढायचं, डिंक-आम्लाचा हात द्यायचा, शिळा ओली करून शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाई झिडकारतो, खडूची रेघ ती धरते. हाताचा दाब, खडूचा खरखरीतपणा, सगळं कागदावर उतरतं. आणि एका शिळेवरून अनेक प्रती निघतात. गरिबांच्या घरी, भिंतींवर चित्र पोचावं अशी आस असलेल्या कोलविट्झ यांना आणखी काय हवं होतं?

नाझींनी १९३३ मध्ये त्यांना कला अकादमीतून बाहेर काढलं होतं. १९४१-४२ च्या हिवाळ्यात, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी हे चित्र केलं. एक म्हातारी दोन्ही हात पसरून तीन पोरांवर छपरासारखी ओणवली आहे. पोरं भेदरलेली नाहीत. तिच्या पांघरुणाखालून बाहेर डोकावताहेत, निसटायला बघताहेत. म्हणून तिचे हात इतके जाड, इतके जड.

१९४२ च्या सप्टेंबरात कोलविट्झ यांचा नातू रशियाच्या आघाडीवर मारला गेला. काकाचंच नाव त्याला ठेवलं होतं, पेटर.