‘क्रिस्टीना’ची शेवटची फेरी

सेंट किट्सच्या बास्तेर बंदरातून फेरीबोटीने सकाळी नेव्हिसला जावे, सायंकाळी परतावे, इतके हे अंतर किरकोळ. म्हणूनच बहुधा डोकी मोजण्याचाही कंटाळा होत असावा.

१ ऑगस्ट १९७०, शनिवार. गुलामगिरीमुक्तीच्या स्मृतीची सुट्टी तोंडावर आलेली. १५५ उतारूंची क्षमता असलेल्या सरकारी ‘क्रिस्टीना’ बोटीवर तीनशेहून अधिक माणसे चढली. बाजारहाट उरकून घरी निघालेले नेव्हिसवासी त्यांत पुष्कळ. दोन बेटांमधील चिंचोळ्या सामुद्रधुनीत बोट बुडाली. २३३ जण मरण पावले.

सेंट किट्सच्या सत्तेविषयीची नेव्हिसची जुनी नाराजी या शोकात मिसळली. त्याच वर्षी ‘नेव्हिस रिफॉर्मेशन पार्टी’ स्थापन झाली. १९९८च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मते विभक्त होण्याच्या बाजूने पडली; गरज मात्र दोन-तृतीयांशांची होती.