कॉम्प्रेसर-बदली (मोटारगाडीचा एसी)

मोटारगाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर निकामी झाल्यावर तो उतरवून दुसरा बसवण्याचे काम. इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा हा पंप कूलिंग कॉइलमधून आलेला कमी दाबाचा गॅस ओढतो आणि दाबून कंडेन्सरकडे पाठवतो. चार बोल्ट, दोन पाइप आणि एक वायर सोडवली की तो हाती येतो, त्यामुळे हे काम सुटा भाग बदलण्याचे समजले जाते. ही समजूत चुकीची आहे. कॉम्प्रेसर आपणहून क्वचित मरतो. यंत्रणेत दुसरीकडे साचलेला दोष त्याला मारतो, आणि तो दोष तसाच राहिला तर नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो.

याचा पुरावा कॉम्प्रेसरच्या वंगणव्यवस्थेत आहे. त्याला इंजिनाचे ऑइल मिळत नाही. त्याचे स्वतःचे ऑइल गॅसबरोबर साऱ्या यंत्रणेत फिरते आणि गॅसबरोबरच परतते. एखाद्या ओ-रिंगमधून गॅस हळूहळू झिरपला की परतणारे ऑइलही घटते आणि पिस्टन कोरडे घासू लागतात. दुसरी वाट उष्णतेची. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत गाडी रेंगाळते तेव्हा कंडेन्सरला वारा फक्त पंख्याचा मिळतो. पंखा मंदावलेला किंवा कंडेन्सरची जाळी धुळीने बुजलेली असेल तर दाब आणि तापमान चढते व ऑइल जळून काळे पडते. म्हणून जुन्या कॉम्प्रेसरमधून निघालेले ऑइल हाच निदानाचा पहिला कागद मानावा. ते स्वच्छ असेल आणि आवाज फक्त पुलीच्या बेअरिंगचा असेल, किंवा मॅग्नेट क्लचची कॉइल जळली असेल, तर अख्खा कॉम्प्रेसर बदलण्याची गरज बहुधा नसते. ऑइलमध्ये ॲल्युमिनियमची चमकती भुकटी दिसली, तर ती कंडेन्सरपर्यंत पोचलीच आहे असे धरून चालावे. आजच्या कंडेन्सरच्या नळ्यांतील वाटा इतक्या बारीक असतात की फ्लशिंगने ती भुकटी खात्रीने निघत नाही. तिथे कंडेन्सर, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हही बदलावे लागतात.

बदलीनंतरची खरी परीक्षा व्हॅक्यूमची. आर-134ए गॅसच्या यंत्रणेत सहसा वापरले जाणारे पीएजी ऑइल हवेतला ओलावा झपाट्याने शोषते, आणि मावळातल्या पावसाळ्यात उघडा राहिलेला पाइप त्याला भरपूर ओलावा पुरवतो. तो बाहेर काढण्याचा उपाय म्हणजे दाब इतका उतरवायचा की पाणी नेहमीच्या तापमानालाच उकळावे. 25 अंश सेल्सिअसला त्यासाठी दाब पाऱ्याच्या 24 मिलिमीटरांपर्यंत खाली यावा लागतो. तळेगाव दाभाडे समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच असल्याने येथे पूर्ण व्हॅक्यूमलाही साधे गेज सुमारे 28 इंचच दाखवते. पुस्तकातला जवळजवळ 30 इंचांचा आकडा समुद्रकाठचा आहे. तो दिसत नाही म्हणून पंपाला दोष देऊ नये, पण 26 इंचांवर समाधानही मानू नये. तेवढ्या व्हॅक्यूमला येथे पाणी उकळायला सुमारे 35 अंश तापमान लागते, म्हणजे पावसाळी दिवशी ओलावा आतच राहतो. गॅसही वजन करूनच भरावा. बंद यंत्रणेत थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी दाब तापमानावर ठरतो. 30 अंशांना गेज शंभर पौंडांच्या आसपास थांबते, मग आत दोनशे ग्रॅम असो की पाचशे. ऑइलचाही हिशोब हवा. नव्या कॉम्प्रेसरमध्ये पुष्कळदा साऱ्या यंत्रणेचे ऑइल भरून येते. कॉइल आणि पाइपांत उरलेले ऑइल त्यातून वजा केले नाही, तर जादा ऑइलमुळे गारवा कमी होतो.

यावरचा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो पोकळ नाही. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना 2008 साली सुरू झाला. तिथे बनलेली शेवरोले बीट आजही रस्त्यावर दिसते, मात्र कंपनीने 2017 अखेर भारतातली विक्री थांबवली, 2020 च्या डिसेंबरात उत्पादन थांबले आणि 2024 मध्ये कारखाना ह्युंदाईकडे गेला. अशा गाडीची बाजारातली किंमत घसरलेली असताना मालक भंगारातला कॉम्प्रेसर शोधतो, हे समजण्यासारखे आहे. तो वापरणे मुळात चूक नाही. त्याची तोंडे बंद ठेवलेली असावीत, ऑइल स्वच्छ असावे आणि शाफ्ट हाताने एकसारखा फिरावा. काटकसर करायचीच तर ती कॉम्प्रेसरवर करावी. ड्रायर आणि व्हॅक्यूमवर वाचवलेले पैसे पुढच्या बिघाडाची तयारी करतात. ‘नुसता गॅस भरून बघू’ हा सल्लाही खर्चाच्याच नावाने दिला जातो. गळती न शोधता भरलेला गॅस हवेत जातो, आणि आर-134ए ची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट आहे. असे वायू घटवण्याच्या किगाली दुरुस्तीला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली. बदलीपूर्वी उरलेला गॅस मशीनने काढून साठवणे हा म्हणूनच कामाचा भाग आहे, मालकाच्या मर्जीचा प्रश्न नव्हे.

चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 सारख्या विद्युत गाड्यांत कॉम्प्रेसरला बेल्ट नसतो. मोटर त्याच्या पोटातच असते आणि ती उच्च व्होल्टेजवर चालते. अशा कॉम्प्रेसरला वीजरोधक, बहुधा पीओई प्रकारचे ऑइल लागते. त्यात पीएजी मिसळले तर विद्युतरोध घटतो, म्हणून फ्लशिंगचे आणि गॅस भरण्याचे होजही वेगळे ठेवावे लागतात. बऱ्याच विद्युत गाड्यांत बॅटरीचे तापमानही याच यंत्रणेवर अवलंबून असते.