देवाची कृपा की माणसाची इच्छा? ख्रिस्ती धर्मातील तारणाचा वाद

पापातून आणि त्याच्या परिणामांतून होणाऱ्या सुटकेला ख्रिस्ती धर्मात ‘तारण’ म्हणतात. ते देवाच्या कृपेने, म्हणजे पात्रता न पाहता केलेल्या साहाय्याने मिळते, अशी श्रद्धा आहे. मग त्यात माणसाच्या इच्छेचा वाटा किती? सगळे देवच करतो म्हटले, तर ज्यांचे तारण होत नाही त्यांचा दोष काय? शेवटचा निर्णय माणसाचा म्हटला, तर तारण ही त्याचीच कमाई ठरते.

वादाची सुरुवात

पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजिअस या धर्मोपदेशकाने सांगितले, की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो. नाहीतर आज्ञा देण्यात अर्थच नाही. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने हे खोडून काढले. आदामाच्या पापामुळे माणसाची इच्छा दुबळी झाली असून चांगले करावेसे वाटणे हेसुद्धा कृपेचेच फळ आहे, असे त्याचे म्हणणे होते. इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजिअसची शिकवण नाकारली.

सोळाव्या शतकात वाद पुन्हा पेटला. इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, तर ‘तारणाच्या बाबतीत इच्छा बंधनात आहे’ असे उत्तर ल्यूथरने १५२५ मध्ये दिले. कॅथलिकांच्या ट्रेंट धर्मसभेने १५४७ मध्ये मधला मार्ग काढला: सुरुवात कृपेनेच होते, पण माणूस तिला संमती देऊ शकतो किंवा नाकारू शकतो.

मोलिना विरुद्ध बान्येझ

पण हे घडते कसे? यावरून स्पेनमधील दोन कॅथलिक संघांत जुंपली.

जेझुइट लुईस द मोलिना याचा ग्रंथ १५८८ मध्ये लिस्बनला प्रसिद्ध झाला. त्याच्या मते, अमुक परिस्थितीत अमुक माणूस स्वखुशीने काय करील हे देवाला आधीच ठाऊक असते. त्यानुसार देव परिस्थिती आणि कृपेची योजना करतो. निवड मात्र माणसाचीच राहते.

डॉमिनिकन दोमिंगो बान्येझ याला हे पटले नाही. अशाने देवाचे ज्ञान माणसाच्या निवडीवर अवलंबून राहते, असा डॉमिनिकनांचा आक्षेप होता. बान्येझच्या मते देवच इच्छेला आतून चालना देतो आणि ती चालना निष्फळ होत नाही. मात्र देव प्रत्येक गोष्टीला तिच्या स्वभावानुसार हलवतो. त्यामुळे माणूस कृती करतो ती स्वतंत्रपणेच.

जेझुइटांनी डॉमिनिकनांना कॅल्विनवादी ठरवले, तर डॉमिनिकनांनी जेझुइटांना पेलाजिअसचे वारस.

रोमचा निर्णय

प्रकरण रोमला गेले. पोप आठवे क्लेमंट यांनी समिती नेमली आणि पुढे काही चर्चांचे अध्यक्षपद स्वतः भूषवले. ते १६०५ मध्ये वारले, तरी निकाल लागला नव्हता. अखेर १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी दोन्ही मते शिकवण्यास मुभा दिली, पण एकमेकांना पाखंडी म्हणण्यास मनाई केली. १६११ मध्ये या विषयावर परवानगीशिवाय ग्रंथ छापण्यावरही बंदी आली. मूळ प्रश्नाचा निकाल मात्र दिला गेला नाही.

इतर पंथांत

प्रॉटेस्टंटांमध्ये डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) कृपा अटळ असल्याचे ठरवून आर्मिनिअसच्या अनुयायांची मते फेटाळली. अठराव्या शतकात जॉन वेस्लीने मात्र कृपा नाकारता येते, असेच शिकवले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा तारणाकडे देव आणि माणूस यांचे सहकार्य म्हणून पाहते.