देवणीचा दुसरा पत्ता

देवणी म्हटले की गोवंश आठवतो. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरांच्या संकरातून घडलेला. पण विद्युत्-मंडलांचा इतिहास धुंडाळताना हे गाव मला निराळ्याच जागी भेटले. ‘युनिव्हर्सल फिल्टर’वरील एका शोधनिबंधात लेखकाचा पत्ता होता : रसिका महाविद्यालय, देवणी. मी चकित झालो आणि मग त्या चकित होण्याचीच मला लाज वाटली.

फिल्टर म्हणजे संकेतांची चाळण. हव्या त्या कंप्रतेचे संकेत पुढे जातात, नको ते अडतात. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत कॅम्पबेल आणि जर्मनीत वॅग्नर यांनी स्वतंत्रपणे वेटोळे व धारित्र जोडून असे फिल्टर रचले. दूरध्वनीच्या एकाच तारेवरून अनेक संभाषणे नेण्याची वाट त्यातून खुली झाली. अडचण होती वेटोळ्याची. १० नॅनोफॅरडच्या धारित्राबरोबर १ किलोहर्ट्‌झ गाठायचे तर सुमारे अडीच हेन्रीचे, म्हणजे चांगलेच अवजड वेटोळे लागते. १९५५ मध्ये सॅलन आणि की यांनी वर्धकाच्या साहाय्याने वेटोळ्याला रजा दिली. त्याच धारित्राला आता १६ किलोओहमचा रोध पुरू लागला.

तरीही प्रत्येक कामाला वेगळी चाळण होतीच. १९६७ मध्ये कर्विन, ह्यूल्समन आणि न्यूकम यांनी ॲनालॉग संगणकातली युक्ती उचलली : दोन समाकलक आणि एक बेरीजयंत्र एका फेऱ्यात जोडायचे. एकाच मंडलातून खालच्या, मधल्या आणि वरच्या कंप्रता एकाच वेळी वेगळ्या मिळू लागल्या. एकदाच दळावे आणि पीठ, रवा, कोंडा आपोआप निरनिराळ्या टोपल्यांत पडावा, तसे. खालचा आणि वरचा भाग पुन्हा मिळवला की मधली नेमकी एक कंप्रता गळते. हृदयालेखातली विजेची ५० हर्ट्‌झची घरघर अशीच काढता येते.

देवणीचा निबंध याच घराण्यातला. विद्युत्-दाबाऐवजी प्रवाहालाच संकेत मानणारा. या प्रकारात सुटे भाग न बदलता, नियंत्रक प्रवाह कमीजास्त करून फिल्टरची कंप्रता सरकवता येते.

या कामाने जग बदलले, असा माझा दावा नाही. सॅलन-की यांच्या शेजारी ते ठेवायचेही कारण नाही. पण विज्ञानाचा इतिहास केवळ पहिल्या शोधकांचा नसतो. तो शोध समजून घेऊन, गणित पुन्हा मांडून, त्यात आपली एक जोडणी करून पाहणाऱ्यांचाही असतो. या विषयाला अवाढव्य प्रयोगशाळा लागत नाही. बैजिक समीकरणे, मूठभर सुटे भाग आणि चिकाटी एवढ्यावर तालुक्याच्या गावीही काम होऊ शकते. आपण मात्र मराठवाड्याचा इतिहास लिहिताना लढे, संत आणि दुष्काळ नोंदवतो. महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांत काय घडले, ते नोंदवत नाही.

आपलीही एक चाळण आहे. तिच्यातून काय गळून जाते, हे अधूनमधून पाहिले पाहिजे.